माय बरी हाय

एप्रिल सरत आला तरी गोकुळच्या वावरात पराट्या उभ्याच होत्या. धुऱ्याच्या बांधापलीकडची वावरं नांगरून उन्हात तापायला मोकळी झाली होती, आणि याच्या तीन एकरांत मात्र कपाशीची वाळकी खोडं छातीएवढी. जाणारा-येणारा बोलून जायचा, "फौजीचं वावरबी सुटीवर हाय वाटते." लोकांना बोलायला काय जातं? घरात सासू, सून आणि आठ वर्षांची पोरगी. मजूर बोलवावा तर तो कोणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेला.

गोकुळ महिन्याच्या सुटीवर आला आणि दुसऱ्याच दिवशी चिमटा घेऊन वावरात उतरला. पायदळातला नायक, चौदा वर्षं नोकरी झालेली. चिमट्यात खोड धरायचं, दांड्यावर सगळा भार टाकायचा, की करकर करत मुळासकट वर. मागून वंदना खोडं गोळा करी आणि धुऱ्यावर ढीग रचे. नवरा-बायको असे पिकाच्या एका ओळीत दिसणं म्हणजे वर्षाचा सण. वंदनाच्या हातांना ओरखडे पडले होते, पण तिची कुरकुर नव्हती.

आठव्या दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला. ढेकळांत उभ्या उभ्या गोकुळच्या टाचा जुळल्या. "जी साब. जी साब. जी." एवढंच बोलला आणि फोन खिशात घातला.

"काय झालं?" वंदनाने विचारलं.

"सुटी रद्द. उद्या निघा लागते."

"अन् पराट्या?" तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिचीच तिला लाज वाटली. तिकडे काश्मिरात माणसं मारली गेली होती, चार दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं, आणि ही विचारते पराट्यांचं.

गोकुळ हसला. "अर्धं रान झालं नं. बाकीचं शेषरावकाका ट्रॅक्टरवाल्याले सांगून पाहतीन."

सकाळी तो फाट्यावरून डोणगावच्या गाडीत बसला, पुढे नांदुरा. तिथून रेल्वे. त्याची माय, रुखमाबाई, फाट्यापर्यंत आली होती. सत्तरीची बाई, अंगावर मांस म्हणून नाही, पण जीभ अशी की गावातल्या भल्याभल्यांनी वाट बदलावी. त्या दिवशी मात्र तिने नुसतं जवसाची चटणी आणि भाकरींचं गाठोडं त्याच्या हातात दिलं, त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.

घरी आल्यावर तिने वंदनाला सांगितलं, "मी महादेवाले बोलली हाव. पोरगं घरी येईपर्यंत रोज बारा वाजता अनवाणी जाईन. पिंडीवर घागर रिकामी केल्याबिगर तोंडात पानी घेनार नाई."

महादेवाचं देऊळ गावाबाहेरच्या माळावर, चांगलं दीड किलोमीटर. वाटेत झाड म्हणून एक बाभूळ. 

"आत्याबाई, बारा वाजता कोन जाते? सकाळी जा नं. ऊन पाहा कसं हाय."

"सकाळी काय, कोनीबी जाते. देवाले त्यात काय समजन?"

झालं. रुखमाबाईसमोर कोणाचं चाललंय म्हणून वंदनाचं चालणार? रोज बारा वाजले की म्हातारी कमरेवर घागर घेऊन निघे. वंदना पायात चपला सरकवायला जाई, तर ती पायानेच बाजूला सारी. परत येई तेव्हा ओठांना चिरा पडलेल्या, तळव्यांना फोड. संध्याकाळी वंदना त्यांना खोबरेल तेल लावी. फोड फुटले, त्यावर नवे आले. "दुखते काय?" विचारलं की म्हातारी म्हणे, "माह्या पोराले तिथं काय गादी टाकली हाय?"

गोकुळचा फोन जमेल तसा सकाळी सातच्या सुमाराला यायचा. नेटवर्क असलं तर. सुरुवातीला म्हणायचा, खड्डे खोदून राह्यलो, पोत्यांत माती भरून राह्यलो. वंदना म्हणे, "मंग इथं काय वाईट होतं? इथंबी मातीच होती." त्यावर तो मोठ्याने हसायचा. "मायले दे" म्हणायचा. माय फोन कानाला न लावता तोंडापुढे धरून ओरडायची, "जेवला काय रे?" आणि उत्तर ऐकायच्या आत पोरीकडे देऊन टाकायची. नवसाचं त्याला सांगायचं नाही, अशी तिची वंदनाला ताकीद होती.

मे महिन्याचा पहिला आठवडा संपता संपता खरंच सुरू झालं. टीव्हीवर विमानं, तोफा, आणि ओरडणारी माणसं. गोकुळचा फोन आला तो अर्ध्या मिनिटाचा. "इकडं फटाके चालू हायेत. मी बरा हाव. मायले सांग."

तिसऱ्या दिवशी रुखमाबाईच्या अंगात कसर होती. सकाळी वंदनाने हात लावून पाहिला तर अंग कोमट लागलं. "आज राहू द्या," ती म्हणाली. म्हातारीने घागर घासून उंबऱ्याशी ठेवली. नेमकं त्याच दिवशी शेणखताची ट्रॉली यायची होती. किती दिवस मागे लागून शेषरावांनी मिळवलेली. बारा वाजता वंदना वावरात घमेल्याने खत पसरत होती. तिला माळाच्या वाटेवर म्हातारी दिसली. चाल नीट नव्हती, मध्येच थांबत होती. वंदनाने हात कपाळाशी धरून पाहिलं. हाक मारावी असं मनात आलं. मग ट्रॉलीवाला ओरडला, "वहिनी, लवकर करा, मले दुसरी खेप हाय," आणि ती पुन्हा वाकली.

दीड वाजला तरी म्हातारी परतली नाही, तेव्हा वंदना घमेलं टाकून माळाकडे धावली.

रुखमाबाई बाभळीखाली सापडली. घागर रिकामी होती, म्हणजे देवाचं पाणी देवाला पोचलं होतं. अंग तापलेल्या तव्यासारखं, घाम नाही. शेषरावांनी ऑटो आणली. हे गोकुळचे चुलतकाका, पासष्टीचे, भावकीत यांचाच शब्द चालायचा. ऑटोत म्हातारीचं डोकं वंदनाच्या मांडीवर होतं. ओल्या पदराने ती तोंड पुसत होती. डोणगावच्या अलीकडे म्हातारीने डोळे उघडले.

"गोकुळले सांगू नका," ती म्हणाली. "ध्यान हलते त्याचं. सांगू नका."

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ओट्यावर माणसं जमली. अग्नी कोण देणार हा पहिला सवाल. कोणी म्हणालं पुतण्या देईल, उद्धवला बोलवा. वंदना उभी राहिली. अंगावर सकाळचं खताचंच लुगडं होतं. "त्यांच्या जागी मी हाव. मी देतो अग्नी." चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, पण शेषरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विषय संपला. मग शेषराव सगळ्यांना म्हणाले, "ऐका रे. बुढीचा शब्द हाय. पोरगं मोर्च्यावर हाय. गावातून त्याले एक फोन गेला, एक मेसेज गेला, तं माह्याशी गाठ हाय." गावाने ऐकलं. एरवी कोणाच्या घरी तवा चढला की गावभर वास पोचवणारी माणसं, पण फौजीच्या जिवाचा प्रश्न म्हटल्यावर गप्प बसली. वंदनाने खांद्यावर मडकं घेतलं, फेरे मारले, मडकं फोडलं. तिसऱ्या दिवशी राख सावडली, पण अस्थी पैनगंगेत सोडल्या नाहीत. त्या पोराच्याच हातून जायला हव्यात म्हणून गाडग्यात घालून, फडकं बांधून स्मशानातल्या लिंबाला टांगून ठेवल्या.

खरी परीक्षा होती ती अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची. वंदना रात्रभर एकच घोकत होती. सात वाजता फोन वाजला. शेषराव समोर येऊन बसले.

"हॅलो, वंदना? ठीक हाव मी. माय कशी हाय?"

"बऱ्या हायेत." आवाज फाटू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने स्वतःची मांडी घट्ट चिमटीत धरली होती. "माय बरी हाय."

"दे बरं तिले."

"देवळात गेल्या."

"एवढ्या सकाळी?"

"हाव. ऊन लागते म्हून सकाळीच जातात आता."

फोन ठेवल्यावर तिने चिमटीतली मांडी सोडली. मांडीवर काळानिळा डाग उठला होता. "लय चांगलं बोलली, पोरी," शेषराव म्हणाले. वंदनाला त्यांचा राग आला. चांगलं काय त्यात?

काजलचा सगळ्यांत मोठा घोर होता. आठ वर्षांची पोर, पोटात काय राहणार? वंदनाने तिला जवळ घेऊन समजावलं. पोरगी पहिल्या दिवशी फोनवर गप्पच राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी गोठ्यात हाय." तिसऱ्या दिवशी तर बसली सांगत, "बाबा, आजी मले रागे भरली. मी तिचा चष्मा लपवला नं." सांगताना हसलीसुद्धा. आपली पोरगी इतकं सफाईदार खोटं बोलते हे ऐकून वंदनाला रडू कोसळलं, ते तिने चुलीपाशी जाऊन उरकलं.

तोवर टीव्हीवाल्यांनी लढाई थांबल्याचं सांगितलं. वंदना शेषरावांकडे गेली. "मामाजी, आता सांगू काय त्यांले?"

"टीव्हीवाले तं काहीबी सांगतात. पलटण माघारी आली काय? नाई नं? तिथंच हाय पोरगं, बंदूक धरून. आता समजलं अन् सुटी नाई भेटली तं काय करन तो? डोकं आपटन?"

तेही खरंच होतं. दहावा दिवस आला. न्हावी वस्तरा घेऊन नदीवर येऊन बसला आणि मुंडण करायला कोणीच नाही. अग्नी दिलेली बाई. ती डोक्यावर पदर घेऊन उभी. न्हाव्याला काही सुचेना, तो वस्तरा पुसत राहिला. शेवटी शेषराव त्याच्यापुढे बसले आणि म्हणाले, "काढ माह्या केस-मिशा. मी तिचा दीरच हाव."

एक गोष्ट मात्र देवाने ऐकली असं वंदनाला वाटलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गोकुळने "मायले दे" म्हणणं सोडलं. नुसतं विचारी, "माय जेवली काय?" आणि वंदना सांगे. एवढ्यावर भागेना, म्हणून तो खोदून विचारी. काय खाल्लं? किती खाल्लं? मग वंदनाला रोज नवीन भाजी काढावी लागे. एक दिवस बेसन, एक दिवस आंबाडी, एक दिवस सुचलं ते बोलून गेली. पहाटे उठल्या उठल्या तिला पहिला विचार तोच यायचा, आज म्हातारीला काय खाऊ घालू? जिवंतपणी तिने सासूच्या जेवणाची एवढी काळजी केली नव्हती.

एका सकाळी तिच्याने राहवलं नाही. शेषराव नव्हते, काजल झोपलेली होती. ती म्हणाली, "अहो, एक सांगाचं होतं..."

"माय जेवली काय रातच्याले?" गोकुळ मध्येच बोलला. "तेवढं सांग. लाईन कटते आता."

"जेवल्या," ती म्हणाली. "कढी खाल्ली."

लाईन कटली.

जून लागला. राहिलेल्या पराट्या ट्रॅक्टरने निघाल्या, धसकटं वंदनाने एकटीने वेचली. पेरणीला शेषरावांनी आपली तिफन दिली. मागे वंदना ओटीत बी बांधून, सरत्याच्या नळीत दाणे सोडत चालली, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. कंबर मोडली. सोयाबीन दोन पानांवर आलं आणि मग चार पानांवर. लिंबाला टांगलेलं गाडगं तिथंच होतं. पाणी आणायला जाताना ती त्या बाजूला बघायची नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती वावरात निंदत होती. काजल धुऱ्यावर बसली होती. एकदम पोरगी ओरडली, "आई, बाबा!" आणि धावत सुटली.

वंदनाने मान वर केली. फाट्याकडून गोकुळ येत होता, पाठीवर मोठी पिशवी. फोन न करता आला होता. तिच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. महिनाभर तिने या घडीची तयारी केली होती. आधी घरी न्यायचं, पाणी द्यायचं, शेषरावांना बोलवायचं, मग हळूच सांगायचं. त्यातलं एकही आता आठवेना.

गोकुळने काजलला उचललं. पोरगी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. "बाबा, मिशा कुठं गेल्या?"

"आजीले देल्या," गोकुळ म्हणाला.

वंदनाने खुरपं सोयाबीनच्या ओळीतच टाकलं.

तो जवळ आला. पोरीला त्याने घरी पाठवलं, शेषरावकाकाला सांगून ये म्हणून. मग पिशवी उतरवून तिच्यासमोर उकिडवा बसला. चेहरा रापलेला होता, ओठांवरची कातडी तेवढी गोरी. कोण्या परक्या माणसासारखा दिसत होता.

"कवा समजलं?" तिने विचारलं.

"चौथ्या दिवशी. कंपनीत देऊळगाव राजाचा एक पोरगा हाय, हरिओम. त्याची बायको इकडचीच. तिनं त्याले सांगतलं."

गावाने आपलं तोंड शिवलं होतं, पण लेकी-सुना काय एकाच गावात नांदतात? हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चौथ्या दिवशी?" वंदनाचा आवाज चढला. "अन् मी? मी दीड महिना रोज सकाळी उठून... आज काय सांगू, उद्या काय सांगू... पोरीले खोटं बोलाले शिकवलं म्या! अन् तुमी तिकडून इचारता, किती खाल्लं? किती खाल्लं?" तिने मूठभर ढेकळं उचलून त्याच्या छातीवर फेकली. मग मुठींनीच मारू लागली. तो हलला नाही. मार खात बसला.

ती थकली तेव्हा तो म्हणाला, "एक दिवस तू मेथीची भाजी सांगतली. मे महिन्यात मेथी कुठली वं? मले हासू आलं बंकरमंदी. हासलो अन् मंग लय रडलो."

"मंग बोलले काऊन नाई? म्या सांगाले घेतलं होतं एकदा. तुमीच मंधात बोलले."

"हाव. बोललो." तो खालच्या रोपांकडे पाहत होता. "तू सांगे तेवढा येळ माय जेवत होती, वंदना. फोन ठेवला का मंग माय नाई. म्हून इचारत होतो."

वंदनाने तोंडात पदर कोंबला. दोघंही मग रडले, वावरात, भर उजेडात. रस्त्याने कोणीतरी मोटरसायकलवर गेलं, त्याने पाहिलं असेल. पाहू दे.

गोकुळने सांगितलं, दहाव्या दिवशी हरिओमनेच त्याच्या मिशा काढल्या. पाणी प्यायपुरतंच होतं, हजामत कोरडीच केली. मिशा पुन्हा वाढू दिल्या नाहीत. सुभेदारसाहेबांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं, सुटीचा अर्ज दिला. तेव्हा कोणालाच सुटी नव्हती.

"आता सांग," तो म्हणाला. "कशी गेली?"

"झोपीतच गेल्या," वंदना म्हणाली. तयार ठेवलेलं होतं ते. "काही तरास झाला नाई. सकाळी उठवाले गेली तं..."

"वंदना." त्याने तिचा हात धरला. "आता फोनवर नाई हाव आपण."

तिने खुरपं हातात घेतलं. मग तिने सांगितलं. महादेवाला बोललेला नवस सांगितला. बारा वाजताची वेळ, घागर, तळव्यांचे फोड. त्या सकाळचं कोमट अंग. शेणखताची ट्रॉली. माळाच्या वाटेवर म्हातारी अडखळताना दिसली आणि आपण हाक मारली नाही, हेसुद्धा सांगितलं, काही राखलं नाही. ऑटोतलं शेवटचं बोलणं सांगितलं. बोलताना ती खुरप्याने जमीन उकरत होती, दोन-चार रोपं त्यात तुटली.

गोकुळ ऐकत राहिला. तिला वाटलं, आता हा आपल्याला शिवी देईल, ट्रॉलीवरून बोलेल.  त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या.

"बारा वाजता देवळात गेली म्हनतं?"

"हाव."

"त्या दिवशी." तो थांबला. "त्या दिवशी बारा वाजता मी झोपेल होतो, वंदना. रातभर गोळ्याच्या पेट्या वाहेल होत्या, तं साहेबानं सांगतलं, झोपा. बंकरमंदी सावली होती. हरिओमनं चहा केल्ता. काहीच नव्हतं चालू तिकडं त्या टायमाले. एकदम शांत होतं."

वंदनाला वाटलं, हे तरी त्याने आपल्याला सांगायला नको होतं.